घरून, गोकुळ शिरगावात की पुण्यात? कंत्राटी कामाचा हिशेब कोल्हापुरात बसून

डिप्लोमा किंवा डिग्री करून कॅडवर (संगणकावरच्या ड्रॉइंगवर) हात बसलेली पोरं फोन करतात, तेव्हा प्रश्न साधारण ठरलेला असतो. "दादा, पुण्याचे नव्वद म्हणतायत, घरून केलं तर पासष्ट. गोकुळ शिरगावात एक जण पंचावन्न द्यायला तयार आहे. काय करू?" (गोकुळ शिरगाव म्हणजे कोल्हापूरजवळची एमआयडीसी.) मी उलट एवढंच विचारतो, की घरातून किती वाजता बाहेर पडणार आणि परत किती वाजता येणार? हे कुणीच मोजलेलं नसतं.

मी कास्टिंगची ड्रॉइंगं, पॅटर्नचं (ज्यावरून साचा करतात त्या नमुन्याचं) डिझाइन आणि थ्रीडी मॉडेलिंगची कामं कंत्राटावर करतो. पुण्यात खोली घेऊन राहिलोय, एमआयडीसीत रोज गाडी मारलीय आणि आता घराच्या मागच्या खोलीत बसतो. खाली लिहिलंय ते कॅडवाल्यांसाठी असलं, तरी सॉफ्टवेअर, टेस्टिंग, अकाउंट्स अशी कंत्राटी कामं करणाऱ्यांनाही लागू पडेल. आकडे उदाहरणाचे आहेत. ते खोडून स्वतःचे घाला.

पायरी १ : कंत्राट कुठल्या प्रकारचं, ते आधी विचारा

आपल्याकडे 'कंत्राटदार' म्हटलं की रस्ते करणारा नाहीतर फौंड्रीला (ओतकामाच्या कारखान्याला) माणसं पुरवणारा डोळ्यासमोर येतो. त्यामुळे पोरं स्वतःला कंत्राटदार समजतच नाहीत, 'कॉन्ट्रॅक्टवर आहे' म्हणतात. त्या दोन शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

पहिल्या प्रकारात तुम्ही एका एजन्सीच्या पेरोलवर असता आणि काम तिसऱ्याच कंपनीत करता. तुम्हाला पगारपत्रक मिळतं, पीएफ कापला जातो, वर्षाखेरीस पगारातून कापलेल्या कराचा दाखला येतो (लोक त्याला फॉर्म १६ म्हणतात). इथे एकच गोष्ट खोदून विचारायची: सांगितलेल्या आकड्यात कंपनीचा पीएफचा वाटा धरलाय का? धरला असेल, तर दोन्ही वाटे तुमच्याच रकमेतून जाणार आणि हातात येणारा आकडा ऐकलेल्या आकड्यापेक्षा बराच खाली बसणार.

दुसऱ्या प्रकारात तुम्ही स्वतःच्या नावाने बिल पाठवता आणि समोरचा टीडीएस (आगाऊ आयकर) कापून पैसे देतो. पीएफ नाही, भरपगारी रजा नाही, मेडिक्लेम नाही. दसऱ्याला फौंड्री बंद असली, तर त्या दिवसाचे पैसेही नाहीत. पुढचं सगळं मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी आहे.

पायरी २ : तीसने भागू नका

माझी पहिली चूक इथेच झाली. एकाने रोजाचा दर विचारला. नोकरीत साठ हजार मिळाले असते असं मनात धरून मी तीसने भागलं आणि छातीठोकपणे दोन हजार सांगितले. समोरच्याने लगेच मान हलवली. लगेच मान हलली तेव्हाच संशय यायला हवा होता, पण मी खूश होतो.

हिशेब असा हवा होता. वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवारचे १०४ वजा, उरले २६१. सणावाराचे १४ आणि आजारपण, लग्नकार्य, घरच्या अडचणी यांचे १२ वजा, उरले २३५. आता नवीन कंत्राटदाराला जे कधीच सुचत नाही ते: एक काम संपून दुसरं सुरू होईपर्यंतचा रिकामा काळ. वर्षाला पंचवीस दिवस धरले तरी तो फार नाही. म्हणजे बिल लावता येतील असे दिवस राहिले २१०. साठ हजारांच्या हिशेबाने वर्षाचे ७,२०,००० हवे असतील, तर रोज पडतो सुमारे ३,४३०. दोन हजार नव्हे.

आणि यात नोकरीवाल्याला मिळणारा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, आरोग्य विमा यातलं काहीच नाही. ते धरलं की आकडा आणखी वर जातो. समोरचा म्हणणार, "एवढा रोज?" म्हणू दे. हातात हिशेबाचं पान असेल, तर आवाज न चढवता सांगता येतं.

पायरी ३ : प्रत्येक कामाला वहीचं एक पान

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक पानावर तीनच गोष्टी लिहायच्या: बिलाची रक्कम, ते काम करण्यासाठी माझ्या खिशातून जाणारा खर्च आणि त्या कामापायी महिन्यात गेलेले तास. तास म्हणजे खुर्चीतले तास नव्हेत. चप्पल घातल्यापासून चप्पल काढेपर्यंतचे.

पुण्याचं पान. बिल ९०,०००. हिंजवडीकडे दोघा-तिघांत खोली, वाट्याला ९,०००. मेस ५,०००. खोली ते ऑफिस जाण्यायेण्याला २,५००. आणि कोल्हापूरचा माणूस दर शनिवार-रविवारी गावाकडे पळतो, हे गृहीत धरायचंच. चार फेऱ्या, खासगी बसचं तिकीट आणि दोन्हीकडची रिक्षा धरून ६,०००. एकूण खर्च २२,५००. उरले ६७,५००. खोलीचं डिपॉझिट वेगळं. ते परत येतं असं म्हणतात.

आता तास. महिन्याला २२ दिवस, जेवणाची सुट्टी धरून रोज ९ तास, म्हणजे १९८. रोजच्या जाण्यायेण्याचा दीड तास, म्हणजे ३३. कोल्हापूर-पुणे सुमारे २३० किलोमीटर. बस वेळेवर असली तरी घरातून निघून खोलीच्या दारात पोचायला साडेपाच तास लागतात, फेरीचे अकरा. चार फेऱ्यांचे ४४. सगळे मिळून २७५ तास. ६७,५०० भागिले २७५, म्हणजे तासाला साधारण २४५ रुपये.

गोकुळ शिरगावचं पान. बिल ५५,०००. इथे शनिवारीही कामावर जायचं असतं, म्हणून २६ दिवस. घर रंकाळ्याकडे असेल, तर एका बाजूने बारा किलोमीटर धरा, महिन्याला ६२४. मोटारसायकल पन्नासचं ॲव्हरेज देते, पेट्रोल लिटरला १०५ धरलं तर तेराशे रुपये. पण गाडी नुसत्या पेट्रोलवर चालत नाही. टायर, ऑइल, चेन-सेट, सर्व्हिसिंग यांसाठी किलोमीटरमागे रुपया धरा. सगळे मिळून दोन हजार. चहा-नाश्त्याचे एक हजार. उरले ५२,०००. तास: कामाचे २३४, जाण्यायेण्याचे रोज सत्तर मिनिटांनी ३०. एकूण २६४. तासाला १९७ रुपये.

घरच्या कामाचं पान. बिल ६५,०००. इथे पोरं खर्चाच्या जागी शून्य लिहितात. घरून काम करायला पैसे लागत नाहीत, हा सगळ्यात महाग गैरसमज आहे. ब्रॉडबँड १,०००, ते गेलं तर दुसऱ्या कंपनीचं डेटा कार्ड ४००. कॅड ओढणारा संगणक नव्वद हजारांचा आणि चार वर्षं टिकणारा धरला, तर महिन्याला १,८७५. इन्व्हर्टर-बॅटरी २५,००० ची पाच वर्षांसाठी, महिन्याला साधारण ४२०. विजेचं जादा बिल ८००. (सॉफ्टवेअरचं लायसन्स कंपनीचं आहे असं धरलंय. तुमचं असेल तर ते इथेच लिहा आणि मग पाणी प्या.) हे झाले ४,५०० च्या आसपास. शिवाय "महिन्यातून दोनदा येऊन जा" ही अट असतेच. पुण्याची एक फेरी, तिथली रिक्षा आणि जेवण धरून २,१०० ची, दोन फेऱ्यांचे ४,२००. एकूण खर्च ८,७०० च्या घरात. उरले ५६,३००.

तास: घरचे २० दिवस नऊ तासांनी १८०. पण घरी काम संध्याकाळी सहाला संपत नाही. साडेआठला व्हॉट्सॲपवर "एक छोटा चेंज आहे" येतो. रोजचा एक तास त्यात जातो, म्हणून आणखी २०. पुण्याच्या दोन फेऱ्यांना पहाटे चारला निघून रात्री बाराला परत, म्हणजे वीस-वीस तास, ४०. एकूण २४०. तासाला २३५ रुपये.

आता तिन्ही पानं शेजारी ठेवा: २४५, १९७ आणि २३५. ऐकताना पुणे आणि घर यांत पंचवीस हजारांचं अंतर होतं. हातात उरण्याच्या हिशेबाने ते अकरा हजारांवर आलं आणि तासाच्या हिशेबाने दहा रुपयांवर. गोकुळ शिरगाव घरच्या कामापेक्षा मागे पडलं, ते पेट्रोलमुळे नव्हे. चार जादा शनिवारांमुळे.

ज्याच्या डोक्यावर घराचं किंवा बहिणीच्या लग्नाचं कर्ज आहे, त्याने तासाचा दर बघून पुणे सोडू नये. त्याला महिन्याचे ते अकरा हजार रोख लागतात, तास नव्हे. दोन वर्षं जाऊन यावं आणि कर्ज फेडून मोकळं व्हावं. पण ज्याला तशी नड नाही आणि जो नुसता 'नव्वद' या शब्दाला भुलून निघालाय, त्याने महिन्यातल्या अठरा-वीस रात्री आपण घरी नसणार हे पानाच्या तळाशी लिहून ठेवावं. त्याची किंमत रुपयांत मला काढता आलेली नाही.

पायरी ४ : "घरनंच हाय की" याला उत्तर तयार ठेवा

दर ठरवताना कोल्हापुरातला मालक हमखास म्हणतो, "घरनंच हाय की, मग जरा कमी करा." पुण्याचा एचआर तेच गोड शब्दांत म्हणतो. तुमचा प्रवास वाचतो म्हणून त्यातला वाटा त्यांना हवा असतो. पण तुम्ही घरी बसल्यामुळे त्यांचीही खुर्ची, एसी, संगणक आणि कँटीनचं जेवण वाचतं. ते कुणी काढत नाही. तुम्ही काढा.

कमी करायचंच असेल, तर तुमच्या पानावरून करा, त्यांच्या अंदाजाने नव्हे. वरच्या उदाहरणात पुण्याच्या २४५ ची बरोबरी करायला घरच्या कामाला ६७,५०० पुरतात. नव्वदच्या कामासाठी घरून साडेसदुसष्ट मागायचे, ही तशी फार मोठी सूट झाली. तरीही ते पासष्टवर अडून बसले, तर दराला हात लावू नका. फेऱ्यांकडे वळा.

"पासष्ट चालतील, पण पुण्याला बोलवाल त्या फेरीचा खर्च वेगळा." एवढं एक वाक्य. पानावर ४,२०० रुपये परत येतात, उरतात ६०,५००. भागिले २४०, म्हणजे तासाला २५२. पुणे मागे पडलं! बिलाचा आकडा तोच, एका ओळीने क्रम उलटला. मालकालाही हे पचायला सोपं जातं, कारण महिन्याचा आकडा वाढवल्यासारखं दिसत नाही. शिवाय फेरीला पैसे पडतात म्हटल्यावर "येऊन जा" चे फोन आपोआप कमी होतात. माझ्या बाबतीत महिन्याच्या दोन फेऱ्या दोन महिन्यांत एकीवर आल्या.

फेरीच्या खर्चात नुसतं तिकीट धरू नका, तो अख्खा दिवस गेलेला असतो. कोल्हापूर-पुणे वंदे भारत सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, की आता पुणं जवळ आलं. ती आठवड्यातून तीन दिवस, कोल्हापुरातून सकाळी निघून दुपारी पुण्यात पोचणारी गाडी. सकाळी दहाच्या मीटिंगला तिचा उपयोग शून्य. कारने गेलात तर किणी, तासवडे, आनेवाडी आणि खेड शिवापूर असे चार टोलनाके जाताना आणि तेच चार येताना. त्यात महामार्गाच्या सहापदरीकरणाचं काम कुठे किती वेळ अडकवून ठेवेल ते सांगता येत नाही.

पायरी ५ : पैसे हातात कधी पडणार

बिलाचा आकडा आणि खात्यात आलेला आकडा यांत टीडीएसचं अंतर असतं. व्यावसायिक सेवा म्हणून धरलं तर १० टक्के, तांत्रिक सेवा म्हणून धरलं तर २ टक्के, साधं कंत्राट म्हणून धरलं तर एकट्या माणसाला १ टक्का. तेच काम, तोच माणूस, पण समोरचा अकाउंटंट कुठल्या खणात टाकतो त्यावर कापणी ठरते. कंत्राट ठरताना हे विचारायला लाजू नका.

समजा पुण्याच्या नव्वदवर दहा टक्के कापले. महिन्याला हातात ८१,०००, नऊ हजार सरकारकडे जमा. हा खर्च नाही, पैसे तुमचेच आहेत. डिझाइन-इंजिनिअरिंगसारख्या व्यवसायांना एक सोपी तरतूद आहे, तिला सगळे जुन्या क्रमांकाने 'चव्वेचाळीस एडीए' म्हणतात (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, लोकांच्या तोंडचे बदलायला वेळ लागेल). वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल, तर निम्मी रक्कम उत्पन्न धरायची. नव्वद हजारांच्या हिशेबाने जमा १०,८०,०००, त्यातलं उत्पन्न ५,४०,०००. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे कापलेले १,०८,००० रिफंड म्हणून परत येतात. मात्र एप्रिलमध्ये कापलेले नऊ हजार वर्ष संपून रिटर्न भरल्यावरच दिसतात. तोवर खोलीभाडं थांबत नाही. पुण्याचं पान लिहिताना 'दर महिन्याला नऊ हजार अडकणार' अशी एक ओळ घाला. आणि निम्म्या उत्पन्नाच्या या हिशेबात पेट्रोल, भाडं, संगणक सगळं आलं, ते पुन्हा वजा करता येत नाही. पहिल्या वर्षी एकदा सीएकडे जाऊन या. त्याची फी वाया जात नाही.

किरकोळ दोन गोष्टी: सेवेची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नोंदणीची घाई सहसा लागत नाही. आणि स्वतंत्र काम करणाऱ्याला महाराष्ट्रात व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये असतो.

खरं दुखणं असतं उशिराचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कामाचे माझे पैसे पाच महिने अडकले होते. रोज "सोमवारी बघू". सोमवारी मालक पंढरपूरला गेलेले असायचे. तेव्हा मला उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) माहीत नव्हती. ती ऑनलाइन, फुकट आणि आधार-पॅनवर होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि काहीही ठरलं तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी मुदत नसेल तर १५ दिवसांत. २००६ च्या एमएसएमई कायद्यात ते आहे, उशीर झाला तर व्याजही आहे. शिवाय मुदतीत पैसे दिले नाहीत आणि वर्षही संपलं, तर समोरच्याला तो खर्च त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नातून वजा मिळत नाही. मार्चअखेर जवळ आली की हे वाक्य अकाउंटंटच्या कानावर घालायचं. भांडण करावं लागत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की निम्मं काम तोच करतो.

पायरी ६ : नदीच्या कुठल्या बाजूला?

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न विचित्र वाटेल. कोल्हापूरकराला नाही. शिरोली एमआयडीसी पंचगंगेच्या पलीकडे आहे, गोकुळ शिरगाव आणि कागलकडची पंचतारांकित एमआयडीसी अलीकडे. एरवी हे अंतर किलोमीटरमध्ये मोजतात, जुलै-ऑगस्टमध्ये फुटांत. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि वाहतूक काही दिवस बंद पडली. शहरात राहून शिरोलीला जाणाऱ्याची हजेरी बुडाली, पुण्याला गेलेला तिकडेच अडकला. हजेरीवर पैसे असतील, तर ते दिवस गेलेच.

घरून काम करणाऱ्यालाही यातून सुटका नाही. वीज जाते, टॉवर बंद पडतात. मी पावसाळ्याच्या तोंडाला चालू कामाच्या फायली क्लाउडवर आणि एक प्रत पाहुण्यांच्या घरी, उंचावरच्या उपनगरात ठेवतो. कंत्राटात 'पूर किंवा रस्ता बंद असेल त्या दिवसांत घरून केलेलं काम पूर्ण दिवस धरलं जाईल' अशी ओळ मागून घ्या. दोन पूर बघितलेला मालक ती नाकारत नाही.

पायरी ७ : पहिलं वर्ष घरून नको

इथे माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. हिशेबाने घर जिंकलं तरी नवख्याने पहिलं वर्ष, जमलं तर दीड, प्रत्यक्ष जागेवर काढावं. त्यातही गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीला, जिथे तासाला दीडशे-दोनशेच पडतात.

कारण आपल्या कामात चूक स्क्रीनवर दिसत नाही. ड्राफ्ट अँगल (पॅटर्न सहज निघावा म्हणून बाजूंना दिलेला उतार) कमी पडला की पॅटर्न काढताना साचा फाटतो. ते मोल्डरच्या शेजारी उभं राहून एकदा बघितलं की जन्मात विसरत नाही. मॉडेलमध्ये झकास दिसणारा जाड-बारीक सांधा ओतल्यावर आत पोकळ निघतो, आणि फौंड्रीतला आठवी शिकलेला मिस्त्री ड्रॉइंग बघूनच सांगतो, "इथं श्रिंकेज येणार." त्या मिस्त्रीचा फोन नंबर घरी बसून मिळत नाही. पुढे घरून काम करताना दर वाढतो, तो याच ओळखींच्या जोरावर.

सॉफ्टवेअरवाल्यांचं काम वेगळं, पण शेजारच्या सीनिअरच्या खुर्चीकडे खुर्ची ओढून विचारलेला प्रश्न आणि चॅटवर टाइप केलेला प्रश्न यांतला फरक तेही कबूल करतात.

म्हणून पहिल्या वर्षी कमी पडणारा दर मी तोटा धरत नाही. शिकवणीची फी म्हणून मांडतो. मात्र मुदत घालून. दीड वर्षानंतरही तिथेच, त्याच दरात बसला असाल, तर ती फी राहिली नाही.

पायरी ८ : घरातल्यांशी बोलणी

कंपनीशी करार होतो, घराशी होत नाही. "घरात हाईस तर दळण तेवढं टाकून ये" हे आईचं वाक्य चुकीचं नसतं. तुम्ही खरंच घरात असता. पण दळण, सिलिंडरवाला, पाहुण्यांना स्टँडवरून आणणं असं करत रोजचे दोन तास जातात आणि तेच रात्री दहानंतर भरून काढावे लागतात. मग घरच्या कामाचे २४० तास २८० होतात आणि २३५ चा दर दोनशेवर येतो. आम्ही मागच्या खोलीच्या दाराला आतून कडी लावायची पद्धत पाडली: कडी असली की मी गोकुळ शिरगावात. आईने पहिल्या आठवड्यात कडी वाजवून विचारलं, "गोकुळ शिरगावात चहा मिळतो का?"

आणखी एक. घरून काम करणाऱ्या पोराला नोकरी नाही असं गल्ली धरून चालते. स्थळं बघणारे तर हमखास. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. बँकेचं मात्र ऐकावं लागतं. गृहकर्जाला दोन-तीन वर्षांची रिटर्नं मागतात. पहिल्या वर्षापासून रिटर्न भरत राहा, उत्पन्न कमी असलं तरी. कर शून्य आहे म्हणून रिटर्न भरलं नाही, असं सांगणारा माझा एक मित्र दीड वर्ष फ्लॅटसाठी थांबला.

पायरी ९ : सही करण्याआधीच्या ओळी

लांबलचक करार कुणी वाचत नाही. एका ईमेलमध्ये पुढच्या गोष्टी लिहून "बरोबर आहे ना?" असं विचारा आणि होकार आला की तो जपून ठेवा.

आठवड्याचे दिवस किती, शनिवार धरून की सोडून. घरून किती दिवस आणि जागेवर किती. जागेवर बोलावलं तर किती दिवस आधी कळवणार, खर्च कोण देणार. प्रवासाचा दिवस कामाचा धरणार की नाही. संध्याकाळी कितीनंतर आलेलं काम दुसऱ्या दिवशीचं. बिल कधी पाठवायचं, पैसे किती दिवसांत, टीडीएस किती. आणि काम थांबवायचं झालं तर दोन्ही बाजूंनी किती दिवसांची नोटीस.

शेवटच्या ओळीबद्दल थोडं जास्त. पुण्यात खोली घेणार असाल, तर नोटीस खोलीच्या नोटिशीपेक्षा कमी नको. कंपनी आठ दिवसांत सुट्टी देणार आणि घरमालक महिन्याचं भाडं मागणार, असं माझं एकदा झालंय. त्या महिन्याचं पान मी अजून वहीत ठेवलंय. तासाचा दर उणे आहे.